गरुड नव्हे, घार

सिंदी मेघे, वर्धा
मार्गशीर्ष वद्य एकादशी, १५ डिसेंबर २०२५

चि. इला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे मी प्रकृतीने बरा आहे. तूही बरी असशील, अकोल्यास थंडी येथल्याइतकीच पडली असेल आणि तुझ्या कॉलेजातील परीक्षा आटोपत आल्या असतील, असे धरून चालतो. दहा महिन्यांत तुझ्याकडून काही कळलेले नाही, तेव्हा धरून चालण्यावाचून उपाय नाही. फोन तू उचलत नाहीस याचा दोष मी तुला देत नाही. फोनवर माझा आवाज वर्गात शिकवल्यासारखा चढतो, असे तुझी आई म्हणत असे. कागदावर तो थोडा खाली येईल अशी आशा आहे.

घरचे वर्तमान असे. तुळस दोनदा वाळली आणि दोनदा फुटली. शेजारची मोनाली दोन्ही वेळचा डबा आणून देते आणि भाजीत मीठ कमी पडले असेल तर दारातूनच सांगून टाकते, म्हणजे मला बोलायला जागा उरत नाही. तुझ्या आईचे शिवणयंत्र खिडकीपाशीच आहे. सुईत ओवलेला पिवळा दोरा मी काढलेला नाही. सकाळी संध्या, त्यानंतर दोन अध्यायांचे वाचन, त्यानंतर वर्तमानपत्र, त्यानंतर काही नाही.

डोक्यावरची जखम भरून आली. सात टाके पडले होते, हे तुला ठाऊक नसेल. दहाव्याच्या दिवशी तू घाटावरूनच निघून गेलीस, जेवणालाही थांबली नाहीस. तेथे आता बोटभर लांबीची गुळगुळीत रेघ आहे आणि तीवर केस येत नाहीत.

त्या रेघेने मला या वयात प्रसिद्धी दिली आहे. धाम नदीच्या घाटावर सव्वा तास कावळा तुझ्या आईच्या पिंडास शिवला नाही आणि अखेर माझ्या डोक्यावर झडप घालून साक्षात पक्षिराजाने तो नेला, ही हकीकत तुझ्या प्रभाकरमामांनी नागपूरपर्यंत पोहोचवली आहे. गरुड हे विष्णूचे वाहन, पिंड त्याने नेला म्हणजे थेट विष्णुलोकी गेला, असे मी त्या वेळी म्हणालो होतो. ते वाक्य आता माझ्याकडे चारी दिशांनी परत येते. माणसे येतात, रेघ पाहतात, कोणी कोणी हात जोडतात. पिपरी मेघेच्या ज्येष्ठ मंडळाने ११ जानेवारीस माझा सत्कार आणि ‘पक्षिराज’ या विषयावर व्याख्यान ठेवले आहे. नकार देणे शोभले नसते.

मुख्य मजकूर असा. २८ जानेवारीस, माघ शुद्ध दशमीस, तुझ्या आईचे वर्षश्राद्ध आहे. ते घाटावरच करावे असे योजले आहे. कर्म मी स्वतः करीन. तू यावेस, अगदी पुढे बसावेस, दर्शन घ्यावेस. स्मशानात आणि नंतर घाटावर तू जो अधिकाराचा विषय काढलास तो पुन्हा काढू नये, एवढीच अपेक्षा. शास्त्र हे माझ्या घरचे भांडे नव्हे, की मुलीसाठी हवे तसे वाकवावे.

तुझी खोली झाडून ठेवली आहे.

शुभचिंतक,
बंडोपंत शास्त्री


सिंदी मेघे
पौष पौर्णिमा, ३ जानेवारी २०२६

चि. इला हिस आशीर्वाद.

तुझे उत्तर २६ तारखेस पोहोचले. पोस्टकार्डावर एक ओळ होती: ‘ती घार होती की गरुड, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलेत तेवढेच लिहा.’

प्राणिशास्त्र शिकवणारी मुलगी असाच प्रश्न विचारणार. पहिले दोन दिवस मला राग आला. तिसऱ्या दिवशी मी उत्तर लिहावयास बसलो आणि चार ओळी लिहून कागद फाडला, कारण त्या चारही ओळींत गरुड कोठे कोठे वर्णिला आहे एवढेच होते. मी काय पाहिले ते एकीतही नव्हते. मग बुधवारी सकाळच्या बसने पवनारला, धामच्या त्याच घाटावर गेलो.

घाटावर रामाजी होता. दहाव्यास माझे क्षौर ज्याने केले तोच. वस्तऱ्याला धार लावत बसला होता. मी विचारले, “रामाजी, त्या दिवशी माझ्या डोक्यावर जो पक्षी आला तो कोणता?”

त्याने मान वर केली नाही. “तुमीच तं सांगतलं ना गुरुजी. गरुड.”

“मी तुला विचारतो आहे.”

“मले इचारता तं घार हाये ते. सहा सालापासून त्या कडुनिंबावर घरटं करते. पाहा ना, काड्या नेऊन राह्यली.” त्याने वस्तऱ्यानेच वर दाखवले. “पोटाशी अंडे असले का मंग कोनाची खैर नाई. अन् नवीन गोटा केलेलं डोस्कं चमकताना दिसलं का झालंच. माह्या डोस्क्यावर दोनदा बसली. माही बायको तिले भूत म्हणते.”

“अरे, मग तू त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“तुमच्यासारखा मानूस गरुड म्हणते, अन् मी न्हावी घार काऊन म्हनू?” आता त्याने माझ्याकडे पाहिले. “अन् टोपलं देत होतो ना मी तुमाले. सगळ्या गिऱ्हाइकायच्या डोस्क्यावर धरतो मी टोपलं, हे दोन-तीन महिने. तुमी म्हणले, दूर हो, कर्मात शिवाशिव नको.”

म्हणालो होतो. मला आठवले.

मी त्या कडुनिंबाखाली जाऊन उभा राहिलो. ती फांदीवर होती. काळसर तपकिरी, खांद्यापाशी थोडी विटलेली, चोचीत सुतळीचा तुकडा. श्येनाच्या, म्हणजे ससाण्याच्या, आकाराची यज्ञवेदी कशी रचावी, पंखास किती विटा आणि पुच्छास किती, हे मला पन्नास वर्षे मुखोद्गत आहे. घार घरट्याला सुतळी वापरते हे मी प्रथमच पाहत होतो. तिने सुतळी ठेवली, मान वळवली, आणि इला, तिने पुन्हा झेप घेतली. या वेळी मला ती येताना दिसली. पंख अर्धे मिटलेले, आवाज नाही. मी खाली बसलो. वारा मानेवरून गेला, पंखाचे टोक कानाला लागले, आणि कुजलेल्या मासळीचा एक उग्र वास मागे राहिला. “अजी गुरुजी, झाडाखालून निंगा ना!” असे रामाजी ओरडला, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मी चार पायांवर रांगत बाहेर आलो.

तेव्हा आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर.

त्या दिवशी मी पत्रावळ दोन्ही हातांनी उंच धरली होती, बाभळीवरच्या कावळ्यांस दिसावी म्हणून. प्रथम डोक्यावर एखादे ओले धोतर आपटावे तसा आघात झाला. मग खिळे रुतल्यासारखी वेदना. मी वर पाहिले तेव्हा ती वळून पुन्हा येत होती, आणि पत्रावळ घेताना तिचे डोके माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होते. तिचा डोळा मी पाहिला. गडद तपकिरी, स्वच्छ. त्यात कोप नव्हता आणि कृपाही नव्हती. मी ज्ञानी की अज्ञानी, विधुर की सुवासिनीचा पती, याची त्या डोळ्यास काही पडलेली नव्हती. ती पत्रावळीसकट उडाली तेव्हा तिची शेपूट मधोमध खाच असलेली दिसली. गरुडाची शेपूट तशी नसते; एवढे मलाही कळते.

नदीच्या मध्यावर तिला कळले असावे की हा नुसता भात आहे. तिने तो टाकला. पत्रावळ पाण्यावर तरंगली, पिंड फुटला, मासोळ्या जमल्या. सर्व माणसे माझ्या डोक्यावरील रक्ताकडे पाहत होती. नदीकडे दोघेच पाहत होते. एक मी, आणि दुसरी वरच्या पायरीवर उभी असलेली तू.

तू हाक मारलीस, “बाबा, टाकला तिनं तो!”

मी ती ऐकली. ऐकूनच म्हणालो की गरुडाने नेला.

घार होती. मला त्याच क्षणी ठाऊक होते. जखमेने भ्रम झाला असे म्हणण्याची सोय आहे, पण ती मी घेणार नाही.

मी तसे का म्हणालो, हे तू विचारलेले नाहीस. त्याचे उत्तर या पत्रात मावणार नाही. एवढेच सांगतो, की त्याआधी सव्वा तास सारे जण तुझ्या आईस आश्वासने देत होते. मामा म्हणत होते, ताई, भाऊजींच्या गोळ्या वेळेवर देऊ. कोणी म्हणाले, शिवणयंत्र गरजू मुलीस देऊ. कोणी लोणच्याच्या बरणीपर्यंत आले. कावळे जागचे हलेनात. शेवटी मामा माझ्याकडे वळले, “भाऊजी, आता तुम्ही काही बोला.” मी पत्रावळ उंच केली आणि तोंड उघडले. तेवढ्यात ती आली.

सत्कार मी रद्द करीत नाही. जेथे गरुड म्हणून हार घालणार आहेत तेथेच घार असे सांगावयाचे ठरवले आहे. वर्षश्राद्धाविषयी मागील पत्रात जे लिहिले त्यावर मी विचार करीत आहे.

मफलर वापरीत जा.

तुझा,
बंडोपंत


सिंदी मेघे
पौष वद्य त्रयोदशी, १६ जानेवारी २०२६

माझी इली,

हे नाव तुझी आई वापरीत असे. मी ते कधी वापरले नाही. आज वापरतो, कारण आजचे पत्र निम्मे तिचे आहे.

आधी रविवारची हकीकत. मंडळाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. मागे मोठे बॅनर, त्यावर पंख पसरलेला सोनेरी गरुड, खाली माझे छायाचित्र, आणि दोहोंच्या मध्ये ‘गरुडकृपा’. मी हार गळ्यात पडण्यापूर्वीच उभा राहिलो आणि म्हणालो, “सज्जनहो, तो गरुड नव्हता, घार होती. तिने पिंड नेला नाही, नदीत टाकला. मी ते पाहिले आणि खोटे बोललो.”

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, “गुरुजी, म्हणजे आता बॅनरचं काय करायचं?” प्रभाकरमामा पहिल्या रांगेतून हात हलवत होते, “भाऊजी, घार म्हणालात तर म्हणालात, आता खाली बसा. लोक व्हिडिओ काढून राहिले!” कोणी तरी हसले. एक वृद्ध गृहस्थ रागाने निघून गेले. मागच्या श्रावणात ते माझ्या डोक्यास हात लावून नमस्कार करून गेले होते. त्यांचा राग मला योग्य वाटला.

मी उतरणार, तोच मंडळाचे वाचनालय सांभाळणारी मयुरी उभी राहिली. तुझ्याहून लहान आहे. तिने शांतपणे विचारले, “गुरुजी, मग काकूंची इच्छा काय राहिली होती? कावळा कशासाठी थांबला होता?”

“ते जिला प्रथम सांगायचे तिला अजून सांगितलेले नाही,” एवढे म्हणून उतरलो.

घरी आल्यावर मला उमगले, की सांगायचे एकीला नाही, दोघींना आहे. आणि दोघींपैकी जिला सांगणे सोपे वाटले तिच्याकडे मी आधी गेलो. ही माझी आणखी एक लबाडी. पण तिचा उपयोग झाला.

देवळीची जयवंता तुला आठवत नसेल. तू तेव्हा कॉलेजासाठी बाहेरगावी होतीस. तिचे वडील वारले, भाऊ नव्हता, आणि ही मुलगी आपल्या घरी येऊन म्हणाली, “गुरुजी, बाप्पाले आग मीच देतो. तुमी फक्त हो म्हना, मंग गावात कोनी काई म्हननार नाई.” सारी देवळी माझा शब्द मानीत असे. मी नाही म्हणालो. कोठेही आधार नाही असे सांगितले. यवतमाळकडून कोणी चुलत पुतण्या आणला गेला, ज्याने त्या माणसास दोनदाही पाहिले नव्हते, आणि जयवंता स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी, इला, दुसऱ्याच दिवशी, मला आधार सापडला. मन खात होते म्हणून मी पोथ्या काढल्या होत्या. मुलगा नसताना कन्या हे कर्म करू शकते. आणि ज्याचा अधिकार पहिला आहे त्याने अनुज्ञा दिली तर त्याच्या जागीही करू शकते. मी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली. समासात तारीख घातली. पोथी बांधली आणि वरच्या फळीवर ठेवली. देवळीस जाऊन ‘मी चुकलो’ म्हणणे मला जड गेले. ते सत्तावीस वर्षे जड जात राहिले.

मंगळवारी देवळीस गेलो. बसस्थानकाजवळ तिचे बांगड्या-रिबिनींचे दुकान आहे. केस पांढरे झाले आहेत. दुकानात संक्रांतीच्या वाणाची गर्दी होती. तिने मला ओळखले, स्टूल पुढे केले.

“बसा गुरुजी. पानी घ्या. चालते ना आमच्याकडचं?”

मी प्यालो. मग सर्व सांगितले, लाल रेघेसह. ती एका बाईस रिबीन मोजून देत होती. हात थांबला नाही. रिबीन कापली, गुंडाळली, बाई गेली, आणि मग ती बोलली.

“दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं?”

“हो.”

“अन् याले सत्तावीस साल लागले. वर्धा ते देवळी अर्ध्या घंट्याची बस हाये, गुरुजी.”

मी रिकामा पेला खाली ठेवला.

“माफी मागाले आले का?”

“मागण्याचा मला अधिकार नाही. सांगायला आलो.”

“अधिकार!” ती हसली. हसणे चांगले नव्हते. “तुमच्या तोंडातून तो शब्द काई सुटत नाई. ऐका आता. बाप्पाले मी रोज पानी देतो. आंघोळ झाली का एक लोटा, दक्षिणेकडं तोंड करून. तुमाले इचारलं नाई, पोथीले इचारलं नाई. पोहोचते का नाई, ते बाप्पाले मालूम. पन त्या दिवशी फाटकाबाहेर उभी राह्यली ना मी, ते काई परत येत नाई.”

“नाही येत.”

“तुमच्या पोरीले सांगतलं हे?”

“नाही.”

“मंग मले पहिले काऊन सांगून राह्यले? तिच्या वाटचं म्या काऊन ऐकून घ्याचं? जा घरी. तिले लिहा.” मी उठलो तेव्हा तिने कागदात दोन तिळाचे लाडू बांधून दिले. “घ्या. अन् यंदा गोड नका बोलू गुरुजी. खरं बोला.”

ते लाडू मी अजून खाल्लेले नाहीत. हे पत्र पुरे झाल्यावर खाईन.

आता तुझ्या आईचे.

गेल्या वर्षी ४ फेब्रुवारीस, दुपारी, दवाखान्यात, तू खाली चहा आणायला गेली होतीस. तिने माझे मनगट धरले. म्हणाली, “ऐका. मागचं सगळं इलीच्या हातून होऊ द्या. मंत्र तुम्ही सांगा. हात तिचा असू द्या.”

मी म्हणालो, असले अभद्र बोलू नये.

“अभद्र नाही, सांगून ठेवते आहे. एकवीस दिवस झाले, त्या हातांनी मला उचलतेय, कूस बदलतेय. ओळखीचे हात आहेत. हो म्हणा.”

मी हो म्हणालो.

इला, मी हो म्हणालो होतो. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस, आणि तिने साखर किती घातलीस म्हणून तुला विचारले, जणू काही झालेच नव्हते. तीन दिवसांनी ती गेली. स्मशानात तू माझ्यापाशी येऊन हळूच म्हणालीस, “बाबा, मी करू?” आणि मी चारचौघांत मोठ्याने म्हणालो, “कोणत्याही ग्रंथात आधार नाही. हट्ट करू नकोस.”

तो हट्ट तुझा नव्हता. ते तिचे मागणे होते, माझे वचन होते, आणि आधार घरातच फळीवर होता. तुला अनुज्ञा दिली असती तर जयवंतेने विचारले असते, मग मला का नाही? त्या एका प्रश्नास भिऊन मी तुझ्या आईशी खोटा झालो. घाटावर सव्वा तास कावळे त्या एका वाक्यासाठी थांबले असतील असे मी म्हणत नाही. कावळे का थांबले ते कावळ्यांस ठाऊक. घारीस भिऊनही बसले असतील. मी मात्र थांबलो होतो. मामांनी ‘तुम्ही बोला’ म्हटले तेव्हा ते वाक्य जिभेवर आले होते. बोललो असतो की पुन्हा गिळले असते, हे मला आज खरोखर सांगता येत नाही. घार आली आणि मला निसटायला वाट मिळाली. मी तिला गरुड केले, आणि तिच्या पाठीवर बसून निघून गेलो.

आता जे ठरवले आहे ते लिहितो. यात बदल होणार नाही.

२८ जानेवारीस सकाळी नऊ वाजता मी धामच्या घाटावर असेन. भात मोनाली शिजवून देणार आहे. कर्म तू करायचे आहेस. अधिकार पहिला माझा, आणि अनुज्ञा मी या पत्राने देत आहे. तेथे सर्वांसमक्ष मोठ्याने पुन्हा देईन, आणि तुझ्या आईस जे हो म्हणालो होतो तेही तिचे नाव घेऊन मोठ्याने सांगेन. लाल रेघेची पोथी बरोबर आणीन. ज्यास पाहायची त्याने पाहावी. दोन गुरुजींस विचारले, दोघांनीही त्या दिवशी अन्यत्र बोलावणे आहे असे सांगितले. हरकत नाही. मंत्र मी सांगेन. मामा येणार नाहीत म्हणतात. जयवंतेस निरोप धाडला होता, तिचे उत्तर आले, “पाहाले येतो.” ती फाटकाबाहेर उभी राहणार नाही, एवढे मी पाहीन.

तू आली नाहीस, तर मी कर्म करणार नाही. दुपार टळेपर्यंत घाटावर बसेन. तिथी चुकवण्याचा दोष काय असतो हे मी आयुष्यभर इतरांस सांगितले आहे. तो मी घेईन, आणि तू म्हणशील त्या दिवसाची वाट पाहीन. माझ्या हातचा पिंड तिने मागितलेला नव्हता.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. रामाजी सांगतो, घार आता अंड्यांवर बसली आहे. तेव्हा ती येणार. तिला हाकलू नये, दगड तर मुळीच मारू नये. घर तिचे आहे, पाहुणे आपण. मी रामाजीकडून त्याचे टोपले मागून घेतले आहे. तो म्हणाला, “शिवाशिव, गुरुजी?” मी म्हणालो, “दे.” वेताचे आहे, कडेला फाटले होते, ते तुझ्या आईच्या सुईतल्या पिवळ्या दोऱ्याने शिवून काढले. दोरा पुरला.

तू वाकून पिंड ठेवशील तेव्हा मी तुझ्या मागे उभा राहून ते तुझ्या डोक्यावर धरीन. दोन्ही हातांनी. माझे डोके उघडे राहील. त्यास सवय आहे.

टोपले धरून उभा,
तुझा बाबा